जोडव्याविना पाऊल

जऊळका,
ता. ३१ जुलै १९४९

ती. पंचफुला वहिनीस,

गोकर्णाचा नमस्कार. तुझ्या नावाआधी जे लिहायची रीत आहे ते लिहायला हात धजला नाही. शाळेत आम्हाला नवरा असलेल्या बाईला सौ. आणि नसलेल्या बाईला गं. भा. असं घोकवून घेतलं होतं. मी नुसतं ती. लिहिलं. चुकलं असेल तर लतीफाने वाचताना सुधारून घ्यावं.

लतीफा, पत्र सावकाश वाच. वहिनीला भरभर समजत नाही असं नाही, तिला भरभर बोललेलं आवडत नाही.

इकडे सर्व ठीक. तुझी शेळी आमच्या गोठ्यात आहे. आई धार काढायला बसली की लाथ मारते. तुझ्या घराचं दार मी सुतळीने बांधून ठेवलं आहे, आत ओल आलेली नाही. बाबांचा खोकला कमी आहे. शाळेत सतरा पोरी होत्या, निंदण सुरू झाल्यापासून नऊ येतात. त्यांना मी रोज उजळणी म्हणायला लावते, पण आवाज चढला की मला गप्प करावंसं वाटतं. का, ते कळत नाही.

पाऊस आला हे वाशीमला तुम्हाला कळलंच असेल. तू गुरुवारी गाडीत बसलीस आणि रविवारी दुपारी तो आला. हे लिहायचं नव्हतं. पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुझ्या कानावर आलं असतं तर जास्त वाईट झालं असतं. बायका काय म्हणतात ते मात्र लिहीत नाही.

लतीफा, तुला सगळं ठाऊक नसेल म्हणून थोडं लिहिते. दौलतरावांनी लष्कराच्या लिलावात ट्रॅक्टर घेतला आणि तो चालवायला तुझ्या भावाला, फय्याजभाईंना, आणलं. गावात सगळे त्याला इंजन म्हणतात. ते तापायचं, म्हणून त्याला विहिरीचं पाणी वाहून द्यायचं काम वहिनीला लागलं. दुपारी निंबाखाली मी बायकांना अक्षरं शिकवते, तिथे फय्याजभाई एक दिवस एक छापील कागद घेऊन आले. लढाईत ते इराणात लष्कराच्या मोटारी हाकत होते, रशियनांना सामान पोचवत होते. तिथल्या एका शिपायाने तो कागद त्यांना दिला होता. कागदावर चित्र होतं. डोक्याला फडकं बांधलेली एक बाई ट्रॅक्टरवर बसली आहे आणि मागे जमीन उलटत गेली आहे, पार आभाळाला टेकेपर्यंत.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "काय वं माय, बाई हाय का बाबू हाय हे?"

"बाई आहे चाची," फय्याजभाई म्हणाले. "तिथं सारं गाव मिळून एकच वावर कसते. मर्द लढाईत गेले, तं इंजन बायांनीच हाकलं. सच्ची बात."

"पाहा कशी हासून राह्यली," कोणी तरी म्हणालं.

वहिनी, तू कागद हातात घेतलास. बराच वेळ पाहिलास. मग म्हणालीस, "हासून नाही राह्यली. दात दाबून राह्यली. हिचा मालक मेला आसंन."

मग सगळ्यांनी मला खालचा मजकूर वाचायला सांगितला, आणि मी वाचला. या बाईने नांगर धरला त्या वर्षापासून तिच्या गावात पाऊस चुकला नाही, असं मी वाचलं.

बाईने नांगराला हात लावला की पाऊस रुसतो, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक असतं. बाईने तिफणीमागे चालत बी सोडावं, नांगर धरू नये. त्यामुळे बायका माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

नंतर वैशाखातल्या एका संध्याकाळी दौलतरावांच्या वावरात नांगराचे तीन फेरे वाकडे निघाले. पुढे मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, आणि गावाला ते तीन फेरे आठवले. त्यानंतर जे झालं ते झालं.

तू माझ्यावर रागावलेली नाहीस ना? हे मी का विचारते ते तुला कळेल, लतीफाला कळणार नाही. म्हणून इथेच थांबते.

तुझी,
गोकर्णा


जऊळका,
ता. २६ ऑगस्ट १९४९

ती. वहिनीस,

नमस्कार. लतीफाचं कार्ड मिळालं. तू बाजारात धान्य निवडायला जातेस आणि रात्री त्यांच्याच घरी निजतेस, हे वाचून धीर आला. कार्डात पुढे लिहिलं आहे, "वहिनीनं पत्र ऐकलं. उठून सूप घेऊन बसली." ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

पोळा झाला. दौलतरावांनी बैलांबरोबर इंजनालाही झूल घातली, पुढच्या दिव्यांना गोंडे बांधले. फय्याजभाई आता आमच्या गावात नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. इंजन चालवायला अकोल्याचा एक माणूस आणला आहे. तो कोणाशी बोलत नाही.

एक गोष्ट सांगायची आहे. त्या तीन फेऱ्यांवर दौलतरावांनी पेरलं नाही. सगळ्या वावरात कपाशीची पराटी गुडघ्याला लागली आहे आणि मधोमध तो काळा पट्टा तसाच पडला आहे. शाळेच्या खिडकीतून दिसतो. मी पोरींना खिडकीकडे पाठ करून बसवते आणि फळ्यावर लिहायला वळले की तो माझ्या समोर येतो. गवतसुद्धा तिथे कमी उगवतं, असं मला वाटतं. खरंच कमी आहे की मला वाटतं, हे पाहायला मी बाबांना नेणार होते. नेलं नाही.

तिथे आता दुपारची एक बाई दिसते म्हणतात. डोक्यावरून पदर घेतलेली, वाकून चालते, जशी बी सोडणारी बाई चालते तशी. मनकर्णाबाईंनी विहिरीवर सांगितलं, "म्या ह्याच डोयानं पाह्यली. पंचफुलाच व्हती." मी म्हटलं, ती तर वाशीमला आहे, जिवंत आहे. त्या म्हणाल्या, "जित्ती हाय म्हून तं जास्त भेव. मेलेलीले उतारा टाकता येते. जित्तीले काय टाकाचं?" पोरी आता त्या धुऱ्याने, वावराच्या बांधावरून, येत नाहीत, लांबून नाल्याकडून येतात. लहानग्या रूपलाने मला विचारलं, "बाई, पंचफुलामाय दोन ठिकानी कशी राह्यते?"

मी तिला पाढे म्हणायला सांगितले.

वहिनी, ती बाई मी आहे. शाळा सुटली की ऊन असतं म्हणून मी पदर डोक्यावर घेते आणि तिथे जाते. इंजन जिथे उभं होतं ती जागा पाहते. ते पाऊल उरलं आहे का, ते वाकून शोधते. उरलेलं नाही. पहिल्याच पावसात विरघळून गेलं. तरी मी जाते. आणि मनकर्णाबाई तुझं नाव घेत होत्या तेव्हा, ती मी होते एवढे तीन शब्द मला सांगता आले नाहीत. बादली भरून घरी आले.

लतीफा, तू विचारशील कसलं पाऊल. सांगते. वैशाखात इंजनाचं पाणी सांडून काळ्या मातीचा चिखल झाला होता. त्यात एक पाऊल उमटलं आणि दोन महिने पाऊस नाही, तर ते विटेसारखं वाळून बसलं. जुलैत लोकांनी तांड्यावरच्या लखीरामला बोलावलं. हरवलेली ढोरं तो खुरांवरून शोधून आणतो. त्याने पावलाशेजारी बसून काडीने माप घेतलं आणि चावडीवर येऊन सांगितलं, "पाय बाईचा. मोठ्या बाईचा. बोटात जोडवं नाही."

लग्न झालेल्या बाईचं पाऊल असतं तर जोडव्याचा ठसा उमटला असता. पोरीसोरींचं असतं तर लहान असतं. उरल्या विधवा. त्यांच्यात इंजनाला पाणी नेणारी एकच.

मीही, बिनलग्नाची, चावडीवर उभी होते. मला कोणी पाहिलंसुद्धा नाही. गावात पायात चपला घालणारी मी एकटी बाई. मास्तरणीचं पाऊल उघडं असेल कसं? मी उभ्या जागी चपलेत बोटं आखडून घेतली होती.

दौलतरावांनी विचारलं, "पंचफुला, पाय तुहा काय?"

आधी माझ्याकडे पाहिलंस. डोळे वटारून नाही, विनवून नाही. तिफण वळताना तू बैलांकडे पाहत थांबतेस ना, तशी थांबलीस. मला वेळ दिलास. तेवढ्या वेळात एक माणूस पान लावून खाऊन मोकळा झाला असता. मी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर गावाचं नाव लिहिलेलं होतं, ते मी वाचत राहिले.

मग तू म्हणालीस, "हो. माहाच."

मग गावाने तुला कसं गाडीत बसवलं, ते आज लिहवत नाही.

गोकर्णा


जऊळका,
ता. ९ ऑक्टोबर १९४९

ती. वहिनीस,

लतीफाचं दुसरं कार्ड आलं. त्यात एकच ओळ आहे, "वहिनी म्हणते, पोरीनं पुरं नाही लिहिलं."

पुरं लिहिते. लतीफा, मध्ये काही गाळू नकोस. माझी दया येऊन तर मुळीच गाळू नकोस.

त्या संध्याकाळी इंजन चालवून पाहायचं तुझ्या मनात होतं, आणि फय्याजभाईंना तूच विचारलं होतंस. ते म्हणाले, बैठो भाभी, इतना क्या डर. तू पाय पुसलेस, वर चढलीस, चाकाला दोन्ही हात लावलेस. इंजन सुरू झालं तशी तू पलीकडे कोरड्या मातीत उडी मारलीस. म्हणालीस, "नाही माय. माह्या हातानं पाऊस अडला तं मानसं मरतीन." मग माझ्याकडे वळून विचारलंस, "गोकर्णा, त्या कागदावर खरंच तसं लिहेल हाय ना?"

मी म्हटलं, खरंच आहे.

तू म्हणालीस, "मंग तू बस. तू वाचलं हाय. तुले भेव नाही."

मला फार भीती होती. पण खाली राहिले असते तर तुला सगळं कळलं असतं, म्हणून मी चढले. चढण्याआधी चपला धुऱ्यावर काढून ठेवल्या. इंजन झालं तरी ते औतच, औताला चपलेचा पाय कसा लावायचा? ही आपली रीत गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी चावडीवर एकालाही ती आठवली नाही. त्यांच्या लेखी शिकलेली पोरगी रीत पाळत नाही.

तीन फेरे मी मारले. फय्याजभाई बाजूला उभं राहून सांगत होते. पहिल्या फेऱ्यात चाक माझ्या हातात राहत नव्हतं, दुसऱ्यात थोडं राहिलं, आणि तिसऱ्यात, वहिनी, मला आनंद झाला. हे लिहिलंच पाहिजे. अख्खी जमीन माझ्या मागे उलटत होती आणि मला मागे वळून पाहायची गरज नव्हती. मी दात दाबले होते. मग उतरताना चिखलात पाय पडला.

फय्याजभाईंवर रागावू नका. दौलतरावांनी त्यांना त्याआधीच हिशेब देऊन काढलं होतं, आणि चावडी बसली तेव्हा ते गावात नव्हते.

आता कागद. तो रशियन कागद आहे. त्यावरची अक्षरं त्यांच्या लिपीतली आहेत. त्यातलं एकही अक्षर मला येत नाही. एकही नाही. तुम्ही सगळ्या जणी "वाच, वाच" म्हणालात आणि मला वाचता येत नाही हे म्हणायची लाज वाटली. आमच्या घरात मी पहिली शिकलेली. जे छापलेलं असेल ते मला येणारच, असं सगळे धरून चालतात, आणि मीही नाही म्हणत नाही. पावसाचं ते वाक्य मी तिथल्या तिथे जुळवलं. तुम्ही ज्याला भिता त्याची भीती जावी म्हणून जुळवलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण जुळवताना माझ्या मनात एवढंच होतं की लवकर काही तरी बोललं पाहिजे.

त्या बाईच्या गावात पाऊस पडला की नाही, ती कोण, तिचा नवरा गेला की आला, मला काही माहीत नाही. चित्रावरून जे खरं वाचता येण्यासारखं होतं ते तू वाचलंस.

हे सगळं मी मागच्या बुधवारी चावडीवर सांगितलं. बाजारचा दिवस होता, माणसं पुष्कळ होती. सगळं सांगितलं. इंजन मी चालवलं. पाऊल माझं. वावरात दुपारी दिसते ती बाई मी. कागद मला वाचता येत नव्हता.

कोणी रागावेल, मारेल, शाळा बंद पाडेल, या सगळ्याची मी तयारी केली होती. आईला सांगून ठेवलं होतं. जे झालं त्याची तयारी केली नव्हती.

दौलतराव हसले. म्हणाले, "पोरी, तुहं मन मोठं हाय. पन दुसऱ्याचं पाप आपल्या पदरात घेऊन थोडंच फिटते?"

मी म्हटलं, माझं पाऊल मापून पाहा. लखीराम म्हणाला, "कशाच्या संगं मापू बाई? ते तं धुवून गेलं."

मनकर्णाबाई म्हणाल्या, "अवं, पंचफुला गेली अन् तिसऱ्या दिशी पाऊस आला. तू तं अठीच व्हती. तुहा दोष असता तं आला असता काय?"

आणि मला कागद वाचता येत नव्हता, यावर तर सगळेच हसले. म्हणाले, मास्तरणीले वाचता येत नाही, ऐका! एका म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. रामरावाची पोरगी गुणाची निघाली, शिक्षण फुकट नाही गेलं, म्हणाला.

वहिनी, तुझी बदनामी होती तेवढीच राहिली आणि माझं नाव आणखी मोठं झालं. चावडीच्या पायऱ्या उतरताना दोन बायकांनी मला वाट करून दिली.

बाबा तिथेच होते. घरी आल्यावर खाटेवर बसले आणि म्हणाले, "मले त्याच दिशी मालूम व्हतं."

मी विचारलं, कसं?

"तू इंजनावर व्हती अन् तुह्या चपला धुऱ्यावर. म्या वावरातून येत व्हतो. म्याच उचलून आनल्या."

त्या रात्री चपला दारात होत्या. मी अनवाणी घरी आले होते आणि घाबरून विचारलं नव्हतं की त्या आल्या कशा.

"मग चावडीवर काहून नाही बोलले बाबा?"

त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "तुले शाळेत घातली तवा साऱ्या गावानं सांगतलं, पोरगी नासन. म्या म्हटलं, नाही नासत. त्या दिशी बोललो असतो तं ते खरे ठरले असते. पंचफुलाले कोनी नाही. मले वाटलं, तिचं काय जाते?"

मग ते रडले. मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना धीर दिला नाही. मलाही नेमकं तेच वाटलं होतं, तिचं काय जातं. चावडीवर त्या पाटीकडे पाहताना हेच वाटत होतं. ते मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. आता लतीफाच्या आवाजात तू ऐकशील.

पण तुझं सगळंच गेलं. गावात तुझ्याइतकं सारखं बी कोणाच्या हातून पडत नव्हतं. लोक मृगाच्या आधी दोन महिने तुला सांगून ठेवायचे. आता तुझ्या हाताला बी द्यायला कोणी तयार नाही, म्हणून तू दुसऱ्याच्या दारात खडे निवडते आहेस.

आमच्या चार एकरांत यंदा हरभरा पेरायचा आहे. बाबा म्हणतात, तिफण मी धरतो, मागे पंचफुला चालेल. गावादेखत, दिवसाढवळ्या. त्याचा परिणाम काय होईल ते आम्ही तिघांनी बसून बोललं आहे. आमच्या वावरात कोणी मजुरीला येणार नाही. पोरी शाळेतून काढतील. मी चावडीवर कितीही सांगितलं तरी न पटलेली गोष्ट तुझ्या हातात आमचं बी पाहून त्यांना पटेल, आणि मग तुझ्याकडे पाहतात तसेच ते माझ्याकडेही पाहतील. हरभरा नीट आला नाही तर दोष तुझ्यावर येईल, हेही खरं.

तू यावंस असं मला वाटतं. येऊ नयेस असंही वाटतं, कारण तू आलीस की ही शाळा राहणार नाही आणि ती मला फार आवडते. दोन्ही लिहिते. पुरं लिही म्हणालीस म्हणून.

सोमवारी, सतरा तारखेला, सकाळच्या गाडीला बाबा बैल जुंपून दमणी घेऊन स्टेशनावर उभे राहतील. मी त्यांच्यासोबत असेन. तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही. गाडीतून उतरून दमणीत बसलीस तरी पुरे. आली नाहीस तर मी समजून घेईन.

नाही, हे खोटं लिहिलं. समजून घेता येणार नाही. पण पुन्हा विचारणार नाही, आणि हरभऱ्याचं बी मी सोडीन. माझा हात बसलेला नाही, कुठे दाट पडेल, कुठे मोकळं राहील. लोक पाहतील तेव्हा कोणाचा हात होता ते विचारतील आणि मी माझं नाव सांगेन.

क्षमा मागत नाही. ती मागितली की तुला द्यावी लागेल.

तू थांबलीस तेव्हा न बोललेली,
गोकर्णा रामराव